आटणीची पट्टी

आठवीत भूमितीच्या वहीत माझी प्रत्येक रेघ चुकायची.
दहा सेंटीमीटरला मिलिमीटरभर जास्त.
बाईंनी पट्टी मागितली, उलटसुलट केली,
म्हणाल्या, ही कुठली गं? दुकानात मिळत नाही असली.

अण्णांची होती.
उद्यमनगरात सागवानाचे पॅटर्न करायचे अण्णा.
पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचा ड्रम,
आधी लाकडात, मग वाळूत, मग लोखंडात.
लोखंड गार होताना आटतं,
म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच खोटी असते.
नेमकी खोटी.
पुढं किती कमी होणार
ते आधीच धरून चालणारी.

राजारामपुरी, आठवी गल्ली, मिरची कांडपाच्या वरचा मजला.
शेटेसरांनी खुर्ची ओढून घेतली
आणि दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात
मी चौदा रात्री जागून लिहिलेली
गुळाच्या अडतीची बिलं
मशीनला सांगून नव्यानं लिहून घेतली.
चहा येईपर्यंत झालं.
गार व्हायच्या आत तपासूनही झालं.
सर म्हणाले, नाद खुळा!
मीही म्हणाले.
खरंच होतं ते. माझ्या कोडात जागोजाग ठिगळं,
त्याचं इस्त्री मारल्यासारखं.

फक्त एका जागी ते थांबलं होतं,
अदबीनं विचारत होतं,
ही अट कुठंच वापरात दिसत नाही. काढू का?
वर माझीच टीप:
इथं हात लावू नये. वै. सुतार.

मला आठवेना.
कडत्याची होती? ओल्या रव्याची?
अमावास्येला सौदा नसतो, त्याची?
की चौगुले अडत्यांची, ज्यांना
पैसे रुपयात मोडलेले चालायचे नाहीत?
चौगुले वारले. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं.

दुपारी मुलाखती.
गेल्या साली सहा जागा, औंदा एक,
तीही बघू म्हणालेली.
गारगोटीचा प्रज्योत मगदूम,
फाईल प्लास्टिकच्या पिशवीत,
नव्या शर्टाला घडीच्या रेघा.
मी जे शिकले ते सगळं त्याला येत होतं,
आणि तीच तर अडचण होती.
जाताना दारात थांबला.
मॅडम, मग शिकू काय?

अण्णांनाही विचारलं होतं एकानं,
शिरोलीत सीएनसी आल्यावर,
हाताखालच्या आप्पूनं.
अण्णा म्हणाले, रंधा घेऊन जा, घरी लागंल.
आप्पूनं पुढं हायवेला टायरचं दुकान टाकलं.
अण्णा मात्र मशीनवाल्यांकडं जायचे,
आठवड्यातनं दोनदा,
कुठली बाजू किती आटेल ते सांगायला.
मग तेही मशीनला कळलं.
त्यानंतर रोजच सोमवार असल्यासारखे
घरी बसले.

मी प्रज्योतला विचारलं, जेवलास का?
जिन्यात कांडपाच्या धुरळ्यानं दोघंही शिंकलो.
उभ्याउभ्या कटवडा खाल्ला.
पैसे देतो म्हणून हट्ट धरला त्यानं,
मी देऊ दिले नाहीत.
त्याच्या प्रश्नाला तेवढंच उत्तर
माझ्यापाशी निघालं.

वर आले तर अट तशीच, वाट बघत.
मी नाही दाबलं.
का, ते विचारलं नाही त्यानं.
ठीक आहे म्हणालं
आणि पुढच्या फाईलकडं गेलं.
त्या समजूतदारपणाची मला भीती वाटली,
दिवसभरात पहिल्यांदा.

पट्टी ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या खाली.
आकडे पुसलेत, कडा शाबूत.
सरांना मेल लिहिला,
एक जागा म्हणालात, मी दोन धरल्यात.
पोरं आज नाही घेतली
तर काय आटलं ते सांगायला उद्या कोण असेल?
एवढं लिहून शेवटची ओळ खोडली,
मग परत घातली.

साडेसातला कांडप बंद झालं.
मेल वाचलाय सरांनी.
उत्तर नाही अजून.