विजोड

शनिवारी दुपारी चारला आली ती, मुद्दाम चारला.
"सकाळी पाऊल खोटं बोलतं," म्हणाली,
"दिवसभर चाललं, जरा फुगलं, की मग खरं माप सांगतं."
दुकानदार मी. हे वाक्य माझं असायला हवं होतं.

झ्देन्का ओसोय्निक, वय एकसष्ट.
मेझा नदीच्या या खोऱ्यात एकोणतीस वर्षं
पिवळ्या सायकलवरून टपाल वाटलं तिने, बर्फ नसेल तेव्हा.
आता निवृत्त झाली आणि डोंगरात शिरली,
शिशाच्या बंद खाणींवरून जाणाऱ्या वाटांनी,
जिथे स्प्रूसची मुळं आणि ओली चुनखडी
चाकाला सारखी काहीतरी विचारत राहतात.
येताना स्वतःचे लोकरी मोजे आणले होते,
आणि पिशवीत जुने बूट.

मी आधी जुने बूट बघतो, वैद्य जीभ बघतो तसे.
उजवा अजून बरा होता.
डावा करंगळीपाशी उसवलेला,
टाच बाहेरच्या अंगाला पार झिजलेली.

"अडकवायचं पेडल, की सपाट?"
"सपाट. आता कशातच अडकायचं नाही मला."
मी पुढे विचारलं नाही.

पहिला जोडा देखणा, काळा, लाल दोरीचा.
दोन पावलं टाकली, काढला.
"हा माझ्याशी भांडेल."
दुसऱ्याचा तळ कडक; पेडलवर ठीक,
पण सायकल खांद्यावर घेऊन चढायची वेळ आली
की खडावांसारखा वाजणार.
तिसरा मऊ, इतका मऊ
की पेडलवरचा एकेक खिळा तळव्याला मोजता आला असता.
चौथा घालून तिने फक्त माझ्याकडे बघितलं.
मी तो खोक्यात परत ठेवला.

मागच्या दाराशी माझा एक दगड आहे,
पेत्साच्या उतारावरून आणलेला, तिरका.
पाचवा जोडा घालून ती त्यावर चढली,
उताराकडे तोंड करून उभी राहिली,
बोटं पुढे सरकतात का ते बघत.
मोहरीच्या रंगाचा तो, गेल्या वर्षीचा, कुणालाच न आवडलेला.
"उजवा," ती म्हणाली, आणि थांबली,
"उजवा घातलाय हेच विसरायला होतं. डावा चावतो."
एक माप मोठा दिला.
डावा गप्प झाला, तर उजव्यात टाच खाली-वर,
विहिरीतल्या बादलीसारखी.

मग मोजे उतरवून घेतले आणि पट्टी लावली.
डावं पाऊल पाऊण सेंटिमीटर लांब,
बोटांपाशी पंजासारखं पसरलेलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"फाटकं," म्हणाली.
"प्रत्येक फाटकापाशी डावा पाय टेकायचे मी,
सायकलवरून न उतरता पत्र द्यायचे.
दिवसाला दोनशे दहा फाटकं."
मी मनात गुणाकार सुरू केला, आणि सोडून दिला.

यानंतर मी जे केलं
ते माझ्या बायकोला, ब्रेदाला, अजून पटलेलं नाही.
दोन्ही खोकी उघडी होतीच.
एकोणचाळिसातला उजवा, चाळिसातला डावा,
एका पिशवीत घातले, पैसे एकाच जोड्याचे घेतले.
झ्देन्का दारात वळली.
"आणि उरलेले?"
"उरू देत."

पंधरवड्याने दिसली, खाणीच्या तोंडाशी,
वळणावर कुणाला तरी वाट देत, पाय टेकून.
डावाच. बुटांना चिखल लागला होता,
त्यामुळे तो रंगही आता बरा दिसत होता.

उरलेला जोडा माझ्या खिडकीत आहे,
डावा लहान, उजवा मोठा.
ब्रेदा येता-जाता म्हणते, विजोड.
मी पुठ्ठ्यावर माप लिहिलंय, निम्मी किंमत लिहिलीय,
आणि खाली बारीक अक्षरात,
उजवा पाय टेकणाऱ्यांसाठी.

काल एक मुलगा ते वाचून हसला,
मग काचेबाहेर तसाच उभा राहून
स्वतःच्या पावलांकडे बघत राहिला.