उरलेला मंत्र

शनिवारी रात्री, परभणीत,
बियाण्याच्या दुकानावरल्या खोलीत
नकाशा, चुरमुरे अन् वीस बाजूंचा फासा.

वैद्य होता धम्मदीप, त्याची बदली झाली किनवटला,
तेव्हापासून जखमा मीच बांधते.
कुलपं उघडणारी उज्मा लग्न करून गेली,
कुलपंही माझ्याकडं.
उजेड, भुतांची भाषा, दोरीवाचून पूल –
"मांत्रिकबाई, तेवढं बघा की."

शाळेतही असंच. कुणी रजेवर गेलं
की त्या तासावर माझं नाव.

आज गुहेत राक्षस पडला
अन् दिवसाचा एक मंत्र उरला.
मुबश्शिरनं नकाशावरनं मान वर केली,
"हा कुणासाठी?"

मुठीत फासा गरम झालेला.
खाली कुणीतरी शटर ओढलं.

उडते, मी म्हटलं.
"कुठं?"
आधी उडू तर दे.