सहा बुश

लोटनआबा आले तेव्हा त्यांच्या काखेत
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पांढरा दांडा.
मला वाटलं, मुळा.
"अ‍ॅसिटल," ते म्हणाले, जपून,
जसं नव्या व्याह्याचं नाव घ्यावं.

एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं
नखांतल्या ग्रीससकट जेवलेला माणूस,
आता त्याला तेल न लागणारं काही हवं होतं.
सहा नग. आतून पंचवीस मिलिमीटर आणि एक केस.
"कशाचे बुश?"
"इमानना."
अवधानच्या एमआयडीसीत हा शब्द
दोन अर्थांनी ऐकू येतो.
मी लेथ बंद केला.

प्लास्टिक तासताना ठिणगी नाही, वास नाही.
निमूट सोलत जातं,
एक अखंड पांढरी फीत टूलला गुंडाळून घेते,
दर दोन मिनिटांनी थांबून ती सोडवायची.
आणि गरम असताना ते खोटं माप सांगतं.
चहा पिऊन यायचं, मग मोजायचं.

शेड गोंदूरच्या रस्त्याला, कांद्याच्या चाळीला लागून.
पंख आढ्याला, जुन्या लुगड्यांच्या झोळीत.
जानेवारीत सकाळी सहाला आम्ही बुश बसवले,
तोंडातून वाफ येत होती.
आबांनी दांडी डावीकडे नेली,
तिकडे उजव्या पंखाची फळी खाली झुकली,
मधल्या नळीनं कुठेच हूं की चूं केलं नाही.
मी तेलाची कुपी काढली तर हात धरला:
"तेल नको. तेलवर फुफाटा बसस."

मे महिन्यात दुपारी फोन आला.
"दांडी अडकनी."

पत्र्याखाली पन्नास अंश असतील.
आबा बिनबनियन, सीटवर, दोन्ही हात दांडीवर,
अडलेल्या बैलाजवळ बसावं तसे.
शिवी नाही दिली. ओलं फडकं बुशवर ठेवलं,
दांडी सुटली.
फडकं वाळलं, पुन्हा धरली.
बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचं घट्ट कडं,
फुगायला जागा फक्त आत.
माझं माप बरोबर होतं.
जानेवारीपुरतं.

सैल केलं तर?
सैल केलं तर वर गेल्यावर फळी आपणहून थरथरते,
मग दांडी धरणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.
हे आबांनी सांगितलं, सहज, बिडी शोधत.
मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं
की ते खरंच यात बसणार आहेत.

मग रीमर हातानं.
दुपारी दोनलाच, भर तापात, अर्धा पीळ, थांब, नळी घाल,
अर्धा पीळ.
बुशमधून शिंगाड्यासारखी पिठी, वर माझा घाम.
पाचवा मी वाया घालवला,
दांड्याचा बोटभर तुकडा उरला होता, त्यातून नवा काढला.

आबा इमानापाशी खाट टाकून झोपायचे.
पहाटे चारला फोन: "थोडं खडखड करस."
"थोडं म्हणजे किती?"
बराच वेळ काही नाही. मग:
"पत्रावर ज्वारीना दाना पडस, इतलं."
मी उशाच्या वहीत तेच लिहून ठेवलं.
आकडा नंतर मोजला. तेरा शतांश.

शेवटच्या दिवशी शटर उघडं होतं.
आम्ही कळण्याची भाकरी नि ठेचा खात होतो,
रस्त्यावरून झळ आत आली,
पंखाची फळी हळूच उचलली,
आणि रिकाम्या सीटपुढची दांडी
कुणी कूस बदलावी तशी
कलली,
परत आली.

आबांचा घास हातातच.
"आत कोनी बसेल शे का?"
"नाही."
"बरं."

हात धुऊन त्यांनी मजुरी विचारली.
मी सांगितली.
एसटीतला माणूस, घासाघीस केलीच:
पाचव्या बुशचे पन्नास कापून घेतले.