वेलांटी

गड्डीगोदामच्या पुलापाशी
हशमतभाई काळा दगड गोणपाटावर आडवा करतात
आणि विचारतात,
थिओफिलमधला ‘थि’ ऱ्हस्व की दीर्घ?
मला सांगता येत नाही.
बाबांनी आयुष्यभर सही इंग्रजीत केली.

‘ऱ्हस्वच ठेवतो बेटा,
मास्तरांना उधळपट्टी चालायची नाही.’

बाबांचे आजोबा कामठीच्या बाजारात
पेटी वाजवून शुभवर्तमान सांगायचे.
हशमतभाईंचे आजोबा मागावरून उठून यायचे,
हातात धोटा तसाच,
आणि भर उन्हात विचारायचे:
एकात तीन कसे, पाद्रीसाहेब? हिशेब दाखवा.
तीन आठवडी बाजार वाद चालला
असं दोन्ही घरांत सांगतात.
दोन्ही घरांत आपलाच माणूस जिंकला.

चौथ्या बाजारी पटकी आली.
मिशनच्या दवाखान्यात विणकराच्या बायकोला
रात्रभर चमच्यानं मीठपाणी पाजलं
ते पेटीवाल्याच्या बायकोनं.
महिन्याभरानं एक लुगडं आलं, हिरव्या काठाचं,
सोबत निरोप काहीच नाही.
आमचं बायबल अजून त्यातच गुंडाळलेलं असतं.
एक कोपरा उंदरानं नेला.

छिन्नी थांबते.
‘आमच्यात ईसा सुळावर चढलेच नाहीत,
ठाऊक आहे ना?’
ठाऊक आहे.
बाबा दर नाताळला केकचा डबा घेऊन
इथेच भांडायला यायचे,
आणि ईदच्या शीरखुर्म्यावर पुन्हा
त्याच वाक्यापासून.

‘चाळीस वर्षं झाली.
जरीपटक्याच्या कब्रस्तानात जाऊन बघ,
निम्मे क्रूस माझ्या हातचे.
जे झालंच नाही ते कोरतोय,
रोज, गुण्या लावून.’

मग क्रूस शेवटी का?
‘नाव चुकलं तर दगड वाया.
क्रूसात काय, दोनच रेघा.’
दाढीवरची भुकटी झटकून ते हिशेब मांडतात:
अक्षरामागे चाळीस,
तारखेचे वेगळे.
क्रूसापुढे शून्य.

‘जे मी मानत नाही
त्याचे पैसे कसे घेऊ?’

बाबा असते तर म्हणाले असते,
मी मानतो, म्हणून घे.
मला तसं म्हणता येत नाही.
मी अक्षरं मोजते.
वेलांटी वेगळी धरायची की अक्षरातच,
यावर आमचं थोडं वाजतं,
पुलावरून मालगाडी जाते
आणि दोघांनाही
आपलंच बोलणं ऐकू येत नाही तोवर.