पाठ वाचणं

आधी मी पोस्टात होते, आकिताला.
पत्रं पिनकोडाप्रमाणे खणांत टाकायचे.
लग्न होऊन कोरियामाला आले तेव्हा
त्सुयाको-सान, माझ्या सासूबाई, म्हणाल्या,
मग जमेल तुला.
एवढंच. आणि पुढ्यात ठेवली पांढरी वाटी,
एक शिंपला, चार हजार पिल्लं.

सगळी काळपट.
सोनमासे म्हणे! सोनं यायला दोन महिने लागतात,
तोवर निम्मे आपणच बाद केलेले असतात.

त्या बोलायच्या कमी.
मी चुकले की डावीकडचं पिल्लू उचलून उजवीकडे,
ताटात भलत्या जागी वाढलेलं मीठ
सरकवावं तसं.

शेपटी आधी.
एकेरी असेल तर तो निघाला माघारी,
तळ्यातल्या मातकट पूर्वजांकडे. त्याला अडवायचं नाही.
तीन पाकळ्या चालतात, चार असल्या तर उत्तम.

मग तोंड. र्‍यूकिन आणि ओरांडा
पोरवयात सख्खे भाऊ:
दोघांच्या पाठीवर पर, दोघांच्या शेपट्या पदरासारख्या लांब.
पण र्‍यूकिनचं तोंड निमुळतं, आणि मानेमागे
खांदा असा चढलेला, जणू पोतं घेऊन घाट चढतोय.
ओरांडा बोथट नाकाचा.
दुसरं वर्ष लागू दे, म्हणायच्या,
याच्या डोक्यावर तुती पिकेल.

देमेकिन तर फसवतोच.
जन्मतो चारचौघांसारखे डोळे घेऊन,
ते बाहेर येतात काही महिन्यांनी,
घरातलं काहीतरी कळल्यासारखे.

तोसाकिन बाजूने पाहून उपयोग नाही.
वरून वाकायचं: शेपटी पाण्यावर आडवी पसरलेली,
दोन्ही कडा पुढे वळलेल्या
करंजीच्या मुरडीगत.

आणि रान्चू.
चिनी सिंहमुखाशी त्याची गल्लत
मी चार वर्षं केली.
पाठीवर पर याला नाही, त्यालाही नाही.
डोकं दोघांचंही फुलकोबी.
शेवटी एका दुपारी सासूबाईंनी अंबाड्यातला
लाकडी कंगवा काढला, माझं बोट धरून
त्याच्या पाठीवरून फिरवलं,
उतार, उतार, आणि टोकाशी एकदम वळण.
हा रान्चू, म्हणाल्या. सिंहमुख सपाट जातो.
केस सुटून खांद्यावर आले होते त्यांचे, पांढरे.
मला त्याआधी माहीतच नव्हतं किती लांब आहेत ते.

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट.
एक रान्चू आला, लालभडक. शेपटी चार पाकळ्यांची,
उतार कंगव्यासारखा,
आणि पाठीच्या मधोमध एक काटा,
तिळाएवढा, हरवलेल्या पराचा.
मी डावीकडे टाकला.
त्यांनी उचलून उजवीकडे ठेवला.
मी पाहत राहिले.
माझ्याकडे न बघता त्यांनी तो पुन्हा उचलला,
ओल्या तळव्यावर घेतला, डोळे मिटले,
अंगठा हळूच पाठीवरून नेला.

काटा आहे ना गं?

अकरा वर्षांत
त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

पोस्टात असायचा एक खण,
पत्ता अपुरा, असं लिहिलेला.
तिथली पाकिटं कानबारा-सान
संध्याकाळी खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे,
आतलं काही दिसतंय का म्हणून. काही दिसायचं नाही.
तरी धरायचे.

आहे, मी म्हणाले.

त्यांनी मासा आपल्या चहाच्या पेल्यात सोडला.
उद्यापासून पाठी तू बघ, म्हणाल्या,
मी शेपट्यांपुरती आहे अजून.

सकाळी पेला धुऊन पालथा घातलेला.
मी विचारलं नाही.

आता दुपारी त्या मोठ्या तळ्याच्या काठावर
स्टूल टाकून बसतात, बगळ्यांसाठी बांधलेल्या जाळीखाली.
मी दाणे टाकते. शेकडो पाठी वर येतात,
एकीसारखी एक, लाल, ओल्या, गुळगुळीत.
दिसला? त्या विचारतात.
मला तो अजून एकदाही सापडलेला नाही.
हो, मी म्हणते, आत्ताच गेला,
तुमच्या पायांपाशी होता.