कुत्रा. उद्या येते.

स्कॅनरच्या काचेवर पालथा घातला
ताइसिया लुकिनिच्नाचा नकाशा,
तर पडद्यावर खडकांच्या आधी उमटली
तिच्या चहाच्या पेल्याची दोन तपकिरी वर्तुळं,
साल एकोणीसशे त्रेसष्ट.

मग रंग. चुनखडकाला निळा,
ग्रॅनाइटला गुलाबी, वालुकाश्माला विटकरी;
पेन्सिलीला सारखं टोक करणारा हात.
फक्त कारा-बेल्तिरच्या वरच्या अंगाला
नखाएवढी जागा कोरी,
आणि तिथे बारीक रशियन अक्षरांत:
कुत्रा. उद्या येते.

ती आली नाही.
का, ते वहीत नाही. ट्रक बिघडला असेल,
हिम लवकर आलं असेल,
किंवा वरून तार: पुढच्या दरीत जा.

सॉफ्टवेअरला हे खपत नाही.
बहुभुज बंद नाही, ते लाल अक्षरांत म्हणतं,
दाराशी ठाण मांडलेल्या वसुलीवाल्यासारखं.
आमचे साहेब, एसेनगुल, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
शेजारचा निळा ओढून घे ना पुढे,
नखाएवढ्या जागेसाठी कोणी घोडा भाड्याने घेतं का?

मी घेतला.

वर कुरणात एकच तंबू. उमसुनाय आपांनी
टॅब्लेटवरची ती कोरी जागा दोन बोटांनी मोठी केली,
नातवाच्या फोनवर करत असाव्यात तशी.
दोर माझ्याच हातात होता, त्या म्हणाल्या.
सहा वर्षांची होते. ती बाई दगडांना मारत सुटलेली.
मला वाटलं, दगडांनी काय घोडं मारलंय हिचं?
म्हणून सोडला.
आणि कुमिसचा वाडगा माझ्यापुढे सरकवला.

लोखंडी चुलीपाशी होकायंत्र भरकटलं,
उत्तर दिशा सरपणाच्या ढिगात जाऊन बसली.
बाहेर आलो.
बाहेर नुसतं गवत. उघडा खडक औषधालाही नाही.
नती कशाची मोजू, नतिलंब कुठे लावू?

आपांनी काठी उचलली.
हे बघ, इथवर मेंढ्या गवत मुळापर्यंत खातात,
इथून पुढे नुसतं तोंड लावतात.
हे बघ मार्मोटचं बीळ. उकरून काय टाकलंय?
पांढरे खडे.
ते पलीकडचं?
लाल माती.
दोन बिळांच्या मधे मी गुडघे टेकले.
पंचवीस पावलांत एक समुद्र संपत होता
आणि त्याच्यावर कुणीतरी वाळूची नदी आणून ओतली होती.

मग त्या पुढे, टॅब्लेट त्यांच्याच झोळीत,
दर दोन सेकंदांना एक ठिपका.
डावा गुडघा दुखरा, म्हणून रेषा
दर चौथ्या पावलाला किंचित उजवीकडे.
बिळं मोजत, शेण चुकवत, मधेच थांबून
वरच्या बाजूला शीळ घालत,
जिथे कुणीच नव्हतं.
एका जागी त्यांनी वळसा घेतला.
जमीन सपाट. दगड नाही, ओल नाही.
मी काही विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत.

रात्री तंबूत, बॅटरी अकरा टक्के,
रेषा जोडली. बहुभुज मिटला.
लाल अक्षरं गेली, आणि इतकी शांतता झाली
की घोडा चघळताना ऐकू येऊ लागला.
पडद्याने विचारलं: रेषा गुळगुळीत करू?
नको.
ती लंगड पंधरा मीटरच्या चुकीत बसते,
आणि तुटक रेषेला तेवढी मुभा असते.

वळसा मात्र सरळ केला.
खडक तिथे वळत नाही. दोन्ही बाजूंची बिळं तसं सांगतात,
आणि नकाशा ज्याचा त्याचाच असला पाहिजे.

निरीक्षकाच्या रकान्यात दोन नावं बसेनात,
दुसरं खाली टिपणात घातलं.
आणि जिथून वळसा काढून टाकला
तिथे एक ठिपका ठेवला, त्याला रंग नाही, खडक नाही.
एवढंच लिहिलं:
कुत्रा.
आणि शेजारी, सहा दशांश स्थळांपर्यंत,
अक्षांश, रेखांश.