दोन इस्पिक

मे महिना, भुसावळ. रात्रीचे साडेनऊ,
आणि इन्स्टिट्यूटचा कूलर अजून दुपारचीच हवा ओढतोय.
पाचपांडे डॉक्टरांनी पत्ते दोनदा मोजले,
चष्मा पुसला, म्हणाले : एक इस्पिक.

माझ्याकडे इस्पिकची एकुलती तिर्री.
बदाम पाच, राणीपासून खाली.
किलवर पाच, वर राजा.
चौकटची दोन पानं, कसल्याच कामाची नाहीत.
मी म्हणाले : दोन इस्पिक.

न खेळणाऱ्याला वाटेल, बाई चळली.
पण रिवाज असा की रंग समोरच्याचा,
त्याचंच नाव घ्यायचं, एक पायरी वर चढून,
आणि जोडीदाराने ओळखायचं :
हिच्याकडे तो नाहीच.
हिच्याकडे बदाम आहेत, आणि आणखी एक काहीतरी,
किलवर नाहीतर चौकट.
मग त्याने म्हणायचं, दोन बिनहुकूम.
म्हणजे, दुसरा कोणता?

मला हे शिकायला वेळ लागला नव्हता.
साक्रीला आमची आई असंच बोलायची.
वडील रुसून शेतावर राहिले की
सालदाराला विचारायची, म्हैस पान्हवते का रे?
आणि तो सांगायचा, हो, दोन्ही वेळ जेवतात.

ही खूण नेहेत्यांनीच बसवली,
अठरा वर्षांपूर्वी, गार्डाच्या डायरीच्या मागच्या पानावर,
लाल-हिरव्या पेन्सिलीने बाण काढून.
मी भूमितीची बाई, मला बाण पटले.
ते यावलकडचे, घरात लेवा बोलणारे, मी अहिराणी.
टेबलावर दोघंही क्रमिक पुस्तकासारखे.
खरी बोली आमच्यात एवढीच :
पस्तीस हाका, वर पास, डबल, रीडबल.
अडतीस शब्दांत अठरा वर्षं.

माझ्या डावीकडे डॉक्टरांचा भाचा : पास.
नेहेते पत्त्यांकडे बघत राहिले.
बाहेर यार्डात केळीचा रेक जोडत होते.
धक्का एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
पार शेवटच्या डब्यापर्यंत गेलेला ऐकू आला.
नेहेते म्हणाले : पास.

डॉक्टरांच्या हातात सात इस्पिक.
पण ते गप्प बसले, मांजर बसतं तसे.
डबल दिली तर हे पळतील,
बुडू द्या निवांत.

नेहेत्यांनी पानं मांडली. इस्पिक तीन, मोठं पान दश्शी.
"मला वाटलं, तुमचे इस्पिक जोरात असतील."
मी काही बोलले नाही.
मागच्या गुरुवारी त्यांनी मला दोनदा सिंधू म्हटलं होतं.
सिंधू त्यांची बहीण, फैजपूरची, गेली त्याला सहा वर्षं झाली.
तेव्हा मी पत्ते पिसत राहिले होते.

आठ हात हवे होते, तीन झाले.
पाच कमी, अडीचशे गेले.
मग वहीत बाकीची टेबलं पाहिली, तर
सगळीकडे डॉक्टरांच्या बाजूने चार इस्पिक,
सगळीकडे पुरे, चारशे वीस.
आमचंच नुकसान सर्वांत कमी.
भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांनी कूलरकडे.
कुणीतरी शेव-मुरमुरे मागवले,
"नेहेते, काय बेरकी पास हो!"
आणि नेहेते हसले, शाबासकी कशाची
हे न कळलेल्या मुलासारखे.

सायकल स्टँडवर दिवा नव्हता.
कुलपात किल्ली घालून ते तसेच थांबले.
"बाई," ते म्हणाले, पहिल्यांदाच घरच्या बोलीत,
"दुसरा रंग कोन्ता व्हता वो तुमचा?"

अडीच तास उशिरा आलेली हाक.
गाडी असती तर मी फलाटावरून उठून गेले असते.

किलवर, मी म्हणाले.
दोन्ही घरांत तोच शब्द.

ते मान हलवत राहिले.
"किलवर," म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा,
"किलवर,"
जणू डायरीत उतरवून घेतायत.